ब्लँकेटात गुंडाळलेलं कार्ड

सातारा
रविवार, १९ एप्रिल २०२६

ती. तात्यांना क्रांतीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की तुम्ही नुसता अंगठा पाठवता. तोफखान्याबरोबर राहून गेलेल्या कानांचं मी काही म्हणत नाही, पण त्या अंगठ्याचा मला फार राग येतो. म्हणून पत्र लिहितेय. ह्याला तरी तुम्ही अंगठा लावू शकणार नाही.

काम असं आहे. मला घरी एक डेस्कटॉप कॉम्प्युटर बांधून पाहिजे. तयार नको, तुमच्या हातचा पाहिजे. फौजेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि नंतर डिक्शनरी मांडीवर घेऊन कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाची मी पुतणी आहे, दुकानातला डबा उचलून आणला तर लोक मला हसतील.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. पाया खणायच्या आधीच गिऱ्हाइकाला त्याचं घर दाखवायचं. दारातून आत शिरलं, जिना चढला, खिडकीतून ऊन आलं, असं हलतं चित्र करायचं. सध्या सोमवार ते शुक्रवार पुण्याला खोली करून राहते. आता साहेब म्हणतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात बसून एक पूर्ण घर करून दाखव. जमलं तर पुढं कायम घरून काम. नाही जमलं तर पुण्याचं टेबल आहेच, मग हा विषय परत काढायचा नाही.

तात्या, राही आता अडीच वर्षांची आहे. परवा शुक्रवारी मी पोचले तर ती सासूबाईंच्या मागं लपली. धैर्यशील म्हणाला, "अगं, आई आलीय." तर सासूबाईंचा पदर धरून म्हणाली, "ही आई." सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

सुट्या भागांची यादी सोबत जोडलीय. पैसे सांगलीला बाळासोंच्या दुकानात पाठवलेत. त्यातलं ग्राफिक्स कार्ड महाग आहे, पण सगळं काम त्याच्यावरच आहे. आणि संध्याकाळी ह्याच्यावर गेमही न अडखळता चालायला पाहिजेत, तेवढं बघा.

काकीला नमस्कार.

तुमची
क्रांती

*

कडेगाव
२४ एप्रिल २०२६

चि. क्रांतीस तात्याचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. अंगठ्याचं बोललीस ते बरं केलंस. मला वाटायचं, अंगठा म्हणजे पोचलं, वाचलं, सुखात राहा. एवढं सगळं एका बोटात मावतं म्हणून मी खूश होतो.

राहीचं वाचून जेवण गेलं नाही. तुझी काकी दोनदा विचारून गेली, "आवं, काय झालं?" मी पत्र पुढं सरकवलं. तिनं वाचलं आणि तीही भाकरी तशीच ठेवून उठली. तेव्हा मशीन बांधायचं हे नक्की. त्यात दुसरा विचार नाही.

पण शेवटची ओळ वाचून माझं डोकं फिरलं, ते आता ऐक.

गेम? संध्याकाळी गेम? शाळेत पोरांना शहाणपण शिकवणारा माणूस घरी येऊन गेम खेळणार, आणि त्याचं खेळणं बायकोच्या पगारातून येणार? परवा तुझ्या सासूबाईंचा काकीला फोन आला होता. काकीनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, "विहीणबाई म्हणत्यात, धैर्यशील कॉम्पुटरसाठी दिस मोजतोय." दिवस मोजतोय म्हणे! आणि पुढच्या महिन्यात लागतोय अधिक. मला हिशेब कळत नाही असं वाटतं का तुमच्या साताऱ्याला? तुझा बाप नाही, त्याच्या जागी मी आहे. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं, ते मी हौसेनं करणार आहे. तेहतीस अनारसे देईन, चांदीचं निरांजन देईन. पण आडून आडून मागून घेतलेलं मी देणार नाही. आणि तुझ्या तोंडून मागवलेलं तर अजिबातच नाही.

रागावू नकोस. हे मी एकदा भोगलंय. तुझा बाप हंबीरराव, माझा सख्खा भाऊ, सोन्यासारखा माणूस, पण पत्त्यांपायी गेला. तुझी आई माझ्याकडं यायची आणि म्हणायची, "भावजी, क्रांतीच्या वह्या घ्यायच्यात." उभ्या उभ्या दहा गोष्टी बोलायची आणि खरी गरज जाताना उंबऱ्यात सांगायची. ते पैसे कुठं जायचे ते तिलाही माहीत होतं, मलाही. नवऱ्याची लाज झाकता झाकता ती बाई झिजली. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मला उंबऱ्यातलीच वाटली.

यादी मिळाली. मशीन कसं बांधायचं ते मला कळतं.

तुझा
तात्या

*

सातारा
रविवार, ३ मे २०२६

ती. तात्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मी एकटीनंच वाचलं. धैर्यशीलला दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही. का, ते तुम्हीच समजून घ्या.

त्यानं काही मागितलेलं नाही. अधिकाचा आणि ह्याचा काही संबंध नाही. माझ्या आईला ह्यात आणलंत ते मला अजिबात आवडलं नाही.

कार्ड मला कामाला लागतं. चित्र करायला प्रोसेसर एकटा पुरत नाही, हे तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगायचं! गेमचा विषय सोडून द्या. तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. फक्त यादीप्रमाणे बांधा आणि मे महिन्यात पाठवा. एक जूनला मला बसायचं आहे.

क्रांती

*

कडेगाव
२२ मे २०२६

चि. क्रांतीस आशीर्वाद.

बाळासो स्वतः साताऱ्याकडं येतोय, त्याच्या गाडीतून मशीन पाठवतोय. मागच्या सीटवर गाद्यांच्या मधे बसवलंय. नव्या नवरीलाही कोणी एवढं जपून पाठवत नाही.

सात दिवस लागले. एरवी मी दोन दिवसांत उरकतो, पण हे तुझं म्हणून हात धिमा चालवला. बाळासो म्हणाला, "तात्या, रंगीत दिव्यांचे पंखे घ्या, काचेचा डबा घ्या, आता सगळे तेच नेत्यात." म्हटलं, मला काय गणपतीची आरास करायची आहे? साधा काळा पत्र्याचा डबा घेतला, बेतानं लहान, टेबलावर अडचण नको. प्रोसेसरवर लावायचं पांढरं मलम मी चण्याएवढं काढून ठेवलं तर काकी म्हणते, "उरलं तर माज्या गुडघ्याला द्या." दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात एक स्क्रू निघाला. मला म्हणाली, "आता मलाबी एकदा जोडून टाका." माझ्या कानावर पडतं तेवढं मी ऐकलं, बाकीचं तिच्या तोंडावरून कळलं.

आता नीट वाच. भिंतीतल्या बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. वायरमनला बोलावून ती तार खरंच जमिनीत गेली आहे का ते बघून घे. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, त्याला मागून श्वास लागतो. फरशी झाडताना तो बंद ठेव. झाकणाला मी कागदाची पट्टी चिकटवून सही केली आहे. ती फाडायची नाही. आत कुणी हात घालायचा नाही, म्हणजे कुणीच नाही.

ज्याला काम करायचं आहे त्याला हे मशीन भरपूर आहे. मी चालवून बघितलंय. तुझी पत्रं, तुझे नकाशे, सगळं पळेल. ज्याला दुसरं काही करायचं असेल त्याचं मी बघणार नाही.

रविवारी ७ जूनला धोंड्याचं जेवण ठेवलंय. दोघं या. राहीला आणा. धैर्यशीलरावांना माझा राम राम सांग. जावयाचा मान मी मोडणार नाही, पण डोळे उघडे ठेवून मान देतो एवढं असू दे.

तुझा
तात्या

*

सातारा
८ जून २०२६

तात्या,

नमस्कार लिहायला हात उचलत नाहीये, म्हणून लिहिलेला नाही.

काल जेवायला का आलो नाही ते सांगते. एक जूनला सकाळी बसले. चित्रातल्या घराच्या दारापर्यंत गेले आणि दार उघडायला मशीननं एवढा वेळ लावला की राही माझ्या मांडीवर चढून उतरून गेली. मला वाटलं, पहिला दिवस आहे. दोन तारखेला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सगळं गोठलं. तीन तारखेला साहेब पुण्याहून माझा पडदा बघत होते, गिऱ्हाईकही बघत होतं, आणि त्यांच्या देखत मशीन बंद पडलं. दोनदा. गिऱ्हाईक म्हणालं, "आमचं घर असंच बंद पडणार का?" ते हसत होतं. साहेब हसत नव्हते.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "क्रांती, घरून नाही जमणार. परत टेबलावर ये." बस.

मग मी तुमची सही फाडली. झाकण उघडलं. कार्डाची जागा रिकामी होती. तुमच्या त्या स्वच्छ हातानं तिथं काळी चिकटपट्टी लावलेली होती, कडा कशा सरळ कापलेल्या! रिकामी जागासुद्धा तुम्ही किती निगुतीनं झाकलीत, तात्या. विसरलात असं मला स्वतःला समजावता येत होतं तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

आता गेमचं ऐका. गेम मी खेळते.

धैर्यशील नाही. मी. एकतीस वर्षांची, एका पोरीची आई, तुमची पुतणी. पुण्याच्या त्या खोलीत संध्याकाळी भिंतीकडं बघून बघून वेड लागायची वेळ आली होती, तेव्हा ऑफिसातल्या दोघींनी मला ओढलं. आम्ही चौघी आहोत. बंदुका घेऊन पुढं जायचं असतं, आणि सगळ्यात पुढं मी असते. जुना लॅपटॉप घेऊन मी साताऱ्याला आले की धैर्यशील शेजारी बसून वह्या तपासतो आणि मधेच विचारतो, "आज किती पाडलेस?" त्याला त्यातलं काही कळत नाही. हे तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून विषय सोडा म्हटलं. ती माझी चूक. पण त्या लाजेला तुम्ही माझ्या आईची साडी नेसवलीत.

आणि तो दिवस मोजत होता, हे खरं आहे. कॉम्प्युटर आला की बायको घरी येणार, म्हणून मोजत होता. कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. त्याच्या आईनं कौतुकानं फोन केला आणि तुम्ही त्याला भिकारी ठरवलंत.

मी दोनदा लिहिलं, कार्ड कामाला लागतं. दोनदा! बाळासोंवर तुम्ही विश्वास ठेवता, रस्त्यावरच्या वायरमनवर ठेवता. माझं कामही माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं असं तुम्ही धरून चाललात. एकदा तरी विचारायचं होतंत, क्रांते, खरं सांग. मी सांगितलं असतं.

माझ्या बापाचा राग तुम्ही माझ्या पोटावर काढलात.

क्रांती

*

कडेगाव
११ जून

चि. क्रांतीस काकीचा आशीर्वाद.

ही पत्र तुज्या पुण्याच्या पत्त्यावर धाडत्येय. तू परत तकडं गेलीस ती तुज्या सासूबाईकडनं कळलं. मला लिवायला येतंय, चौथी झाल्याली हाय मी. तुज्या काकाएवढं सुबक न्हाई, पर खोटं तरी न्हाई.

तुजं पत्र काल आलं. ह्यांनी उंबऱ्यातच उभं ऱ्हाऊन वाचलं. मग खाली बसलं. मी म्हनलं, "आवं, काय लिवलंय?" मीच पत्र हातातनं घिऊन वाचलं नि मग म्याबी खाली बसले.

मग उठलं आन फौजेतनं आणल्याली ट्रंक उघडली. त्यातनं ब्लँकिट काढलं, ब्लँकिटातनं खोकं काढलं. मी म्हनलं, "ह्यात काय हाय?" म्हनलं, "क्रांतीचं कार्ड." मी म्हनलं, "म्हंजी घरातच व्हतं?"

"चोरलं न्हाई. ठिवलं व्हतं."

"ठिवलं व्हतं व्हय? पोरीची भाकरी ब्लँकिटात गुंडाळून ठिवली व्हय? आन मला म्हनत व्हता, ट्रंक उघडू नगंस, आत डांबराच्या गोळ्या हायत!"

क्रांते, चाळीस वर्सं झाली लगीन हून, मी ह्यांच्यावर येवढी कवा वरडले नव्हते. कान गेल्यात म्हनून काय झालं, काल सगळं ऐकू आलं त्यास्नी. शेजारची बनुबाई बघाय आली, आग लागली का काय म्हनून.

तुज्या आईचं मला म्हाईत हाय. ती खोटं बोलायची ती तुला उपाशी झोपवाय नगं म्हनून. ह्यांनी तिला कवा समजून घेतलं न्हाई, नुसतं पैसं दिलं नि मनात राग धरला. ती राग आता तुज्यावर निघाला. ही मी त्यांच्या तोंडावर बोलले.

आज सकाळी कराडची यष्टी धरून साताऱ्याला गेल्यात. पिशवीत कार्ड, हत्यारं नि एक धोतर. तू पुण्याला गेलीस ती मी त्यास्नी सांगितलं न्हाई. मुद्दाम. जावयाच्या दारात एकटं उभं ऱ्हाऊ दे जरा.

वाटंला भाकरी दिल्या. चटणी न्हाई दिली.

तुजी
शालूकाकी

*

सातारा
१५ जून २०२६

चि. क्रांतीस,

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. आशीर्वाद लिहायचा हक्क सध्या माझ्याकडं आहे की नाही हे तू कळवलं नाहीस, म्हणून जागा सोडली आहे.

गुरुवारी दुपारी तुझ्या दारात आलो. वाटेत कराडपासून भाषण जुळवत होतो, आधी तुला रागवायचं, मोठ्या माणसाला असं लिहितात का म्हणून, आणि मग चुकलो म्हणायचं. दार धैर्यशीलरावांनी उघडलं. तू नव्हतीस. माझं भाषण तिथंच पडलं. आणि तो गृहस्थ वाकला की, क्रांते. माझ्या पाया पडला. कानाखाली वाजवली असती तर एवढं लागलं नसतं.

मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी राहीची पाटी आणली. पाटीवर लिहिलं, "जेवलात का?"

मी म्हटलं, "कार्ड आणलंय."

त्यांनी पुसलं, लिहिलं, "आधी जेवा."

"मी तुमच्याबद्दल काय लिहिलं ते वाचलंत का?"

"परवा निघताना तिनं दाखवलं. जेवा."

मग मला राग आला. माझाच. म्हटलं, "शिव्या द्या की मला! एवढं ऐकून घेता, मास्तर आहात का माठ?" त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "द्यायच्या होत्या. पाटी लहान पडली."

राहीला वाटलं आम्ही खेळतोय. ती टाळ्या वाजवायला लागली.

आता मशीनचं. कार्ड माझ्या वितीपेक्षा लांब. डबा मी हट्टानं लहान घेतलेला. कार्ड घालायला गेलो तर आत पत्र्याची चौकट आडवी. वीज पुरवणारा आतला खोकाही मी हलका टाकलेला, त्याला हे कार्ड झेपणारं नाही. म्हणजे एक खोटं लपवायला मी तीन ठिकाणी यादी मोडली होती. प्रत्येक ठिकाणी माझी अक्कल मला दात दाखवत होती. सगळे भाग बाहेर काढून चादरीवर मांडले. चौकट मी करवतीनं कापली. डबा धैर्यशीलरावांनी दोन्ही गुडघ्यांत धरला होता. पत्र्याचा एक कण आत राहिला तर सगळं जळतं, म्हणून तुझ्या सासूबाईंनी कणीक मळून दिली आणि त्या गोळ्यानं आम्ही कोपरे टिपले. मग पोवई नाक्यावरच्या दुकानातून यादीतला वीज पुरवणारा वजनदार खोका आणला. दोन दिवस गेले. ह्या शनिवार-रविवारी तू आली नाहीस, मी इथं आहे म्हणूनच असेल. तुझ्या चित्रातलं ते घर उघडलं. दार उघडलं, जिना चढला, गच्चीवर गेलो, परत खाली आलो. कुठं अडलं नाही. चार वेळा चढलो उतरलो. म्हातारा दमला, मशीन दमलं नाही.

तुझा खेळही बघितला. धैर्यशीलरावांकडं तुझ्या एका संध्याकाळचं रेकॉर्डिंग होतं. खरं सांगतो, मला आवडला नाही. बंदूक हातात धरलेल्या माणसाला ती अशी नाचवावीशी वाटत नाही. पण तू आडोसा धरून सरकतेस, मागच्यांना थांबवून आधी स्वतः बघतेस, ते बरोबर आहे. ते कुणी शिकवलं नाही तुला.

मी चुकलो. तुझ्या आईच्या बाबतीतही चुकलो असं काकी म्हणते. ते मी अजून गिळतोय. तुझ्या बाबतीतलं मात्र गिळायची गरज नाही, ते मला दिसतंय. मी तुला विचारलं नाही. मला वाटलं, मी वाचवतोय.

तुझ्या साहेबांना एक पत्र लिहिलंय. चूक मशीन बांधणाऱ्याची आहे, काम करणारीची नाही, कार्ड मी काढून ठेवलं होतं, असं सरळ लिहून खाली माझं नाव आणि फौजेतला हुद्दा घातलाय. तडक पाठवणार होतो. तिकीटही चिकटवलं. मग धैर्यशीलरावांनी पाटीवर लिहिलं, "तिला विचारलंत?"

म्हणून ते ह्याच पाकिटात ठेवतोय. टाकायचं की फाडायचं, सांग.

तात्या

*

सातारा
रविवार, ५ जुलै २०२६

ती. तात्यांना नमस्कार.

तुमचं साहेबांना लिहिलेलं पत्र मी फाडलं. आधी पूर्ण वाचलं, मग फाडलं. त्यात तुम्ही मला "अत्यंत गुणी व प्रामाणिक मुलगी" म्हटलंय. मशीन बांधायच्या आधी मला हे म्हटलं असतंत तर बरं झालं असतं.

साहेबांकडं मी स्वतः गेले. त्यांना सांगितलं, मशीन अपुरं होतं, ते माझ्या घरच्या माणसानं बांधलं, आणि आतून न बघता मी त्याच्यावर काम हातात घेतलं, ही माझी चूक. ते म्हणाले, "घरच्या माणसानं?" मी म्हटलं, "हो. आता पुन्हा बांधलंय." ते म्हणाले, "त्याच माणसानं?" मी म्हटलं, "त्याच." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाही आपण वेड्या आहोत असं वाटलं. पण चार दिवस दिले. कायमचे नाही, फक्त चार.

२९ जूनपासून बसले. तुम्ही कडेगावला परत गेला होतात ते बरं झालं, नाहीतर प्रत्येक पंख्याच्या आवाजाला उठून बघितलं असतंत, आवाज ऐकू न येताही. घर पूर्ण झालं. त्याच गिऱ्हाइकाला दाखवलं. त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरात खिडकी मोठी मागितली, मी तिच्या देखत मोठी केली, ऊन आत आलं. काल सकाळी साहेबांचा कागद आला. तीन महिने घरून काम, मग पुढचं बघू, असं लिहिलंय. मला तेवढं पुरे. खोली सोडली. सामान आलं. राही सध्या माझ्या पिशव्यांवर बसून आहे, मला त्या उघडू देत नाही.

राग गेला असं समजू नका. रात्री काम करताना डब्याच्या मागच्या जाळीतून त्या कापलेल्या चौकटीचं टोक दिसतं आणि परत उसळतो. तुम्ही माझ्यावर जीव टाकता हे मला माहीत आहे. त्यामुळं राग कमी होत नाही, उलट वाढतो. परक्यानं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. काही दिवस तो राहील. तुम्ही तो घालवायला काही पाठवू नका. अनारसे आले, तेवढे बास. धैर्यशीलनं अकरा खाल्ले आणि पाटीवर "वाण पोचलं" असं लिहून ठेवलंय, तुम्ही आलात की दाखवणार म्हणतो.

दुसरं काम आहे. आमच्या ऑफिसात सांगलीची अश्लेषा म्हणून एक आहे. तिलाही घरून काम मिळतंय आणि मशीन बांधून पाहिजे. मी तिला तुमचं नाव दिलंय. दोन दिवस विचार केला, मग दिलं. सांगली जिल्ह्यात तुमच्यापेक्षा चांगला हात मला माहीत नाही, आणि हे मी रागात असतानाही खोटं बोलणार नाही.

ती पुढच्या रविवारी यादी घेऊन कडेगावला येईल. यादीतलं काही पटलं नाही, तर तिलाच विचारा. तिच्या नवऱ्याला नाही, सासूला नाही, काकीच्या फोनवरूनही नाही. तिला समोर बसवून विचारा. ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. आणि मग तसंच बांधा.

तुमची
क्रांती